एका जिन्याला दोन पाट्या

“तुमचं पेटंट मेलंय, हेर श्वेंक. त्याला मूठमाती द्या आणि माझ्या गिऱ्हाइकांना वाट द्या.”

शुक्रवारी सकाळी, जर्मनीतल्या एका भर बाजारात, सिगमार राऊ हे ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, लावून बोलला तेव्हा गॉटहोल्ड श्वेंकच्या हातातली ब्रेट्सेल पावांची पिशवी जमिनीवर होती. बोलणं ऐकून नाही पडली. त्याच्या आधीच पडली होती, राऊच्या हातातला झाडू बघून.

कारण तो झाडू श्वेंकचा होता. म्हणजे टपरी राऊची, हात राऊचा, किंमतही राऊने लावलेली, एकोणीस मार्क ऐंशी. पण झाडू श्वेंकचा. तिकोनी तोंड, मध्ये पितळी बिजागरी, बिजागरीत स्प्रिंग. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दाबला की तोंड मिटतं, आणि जगातल्या कुठल्याही झाडूला आजवर न सापडलेला तो टिचभर कोपरा साफ होतो. त्या टिचभरासाठी श्वेंकची आठ वर्षं गेली होती. दिवसा तो जमीन-मोजणी कचेरीत नकाशे काढायचा आणि कचेरी सुटली की तळघरात बिजागऱ्या घासायचा. आणि हा राऊ, तीन पिढ्यांचा ब्रशवाला, अडीच किलोचा एकेक हात, टपरीवर असे दोनशे झाडू टांगून बसला होता, जसे काही झाडाला लागलेत.

‘चोर’ म्हणायला श्वेंकने तोंड उघडलं. पण तो मोजणी कचेरीतला माणूस. आधी पुरावा, मग शिवी. त्याने राऊच्या हातातला झाडू ओढून घेतला, उलटा केला आणि दांडा पाहिला.

आता हे सांगायला पाहिजे. श्वेंकला श्रीमंत व्हायचं नव्हतं. त्याने तळघरात आजवर अकरा झाडू बनवले होते, आणि अकराही दांड्यांवर तापवलेल्या सळईने एकच शब्द डागला होता: श्वेंक. त्याचं सगळं स्वप्न त्या शब्दात होतं. आल्बच्या डोंगरात घराघरातल्या बाईने मुलीला सांगावं, ‘जा गं, तो श्वेंक घेऊन ये’, आणि मुलीने विचारूही नये की श्वेंक कोण. बास. माणूस मेल्यावर थडग्यावर नाव राहतं, पण थडगं रोज हातात कोण धरतं?

राऊच्या झाडूवर काहीच नव्हतं. कोरा दांडा.

श्वेंकला हे चोरीपेक्षा जास्त लागलं. चोरी करायची तर निदान स्वतःचं नाव तरी घाल. “नाव का नाही घातलं?” तो म्हणाला. एवढ्या मोठ्या भांडणात हा कुठला प्रश्न, पण तोंडातून तोच निघाला.

“नाव डागायला माणूस ठेवावा लागतो. मला नाही परवडत,” राऊ म्हणाला. “तुम्हाला एवढी हौस असेल तर या सळई घेऊन आणि बसा डागत. अडवलंय कुणी?”

गिऱ्हाइकं हसली. त्यात मोजणी कचेरीतली टायपिस्टही होती. श्वेंकने पेटंटचा नंबर म्हणून दाखवला, पाठ होता त्याला, सगळे आकडे. राऊ म्हणाला, नंबर बरोबर आहे, थडग्यावरही नंबर असतो. मी वकिलाला विचारून टपरी लावलीय, तुम्ही तुमच्या वकिलाला विचारा. मग श्वेंक पाठ फिरवून निघाला तर मागून म्हणतो कसा:

“आणि घरी सांगा, कांद्याचा केक झकास होता.”

केक? कुठला केक? तो तर दोन वर्षांमागचा. श्वेंक बसमध्ये बसला तरी त्याला त्या केकचा अर्थ लागेना. ब्रेट्सेलची पिशवी तिथेच राहिली ती राहिलीच.

मुळात हे सगळं निघालं जिन्यातून. श्वेंक राहतो त्या घराला तीन मजले, तीन बिऱ्हाडं आणि एक जिना. जिना झाडायचा आठवडा वाटून घेतलेला. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी. शनिवारी झाडून झालं की आपल्या दारावरची पाटी काढायची आणि पुढच्याच्या दारावर लावायची. पाटी ज्याच्या दारावर, जिना त्याचा. सोपं आहे, पण सोप्या गोष्टीवरच माणसं मरेपर्यंत भांडतात.

एक्क्याण्णव साली असं झालं की श्वेंकने शनिवारी झाडलं, पाटी वरच्या फ्राऊ रोमिंगरच्या दारावर लावली, आणि सोमवारी फ्राऊ रोमिंगर घर सोडून बव्हेरियात मुलीकडे निघून गेली. पाटी रिकाम्या घराच्या दारावर. आता झाडायचं कुणी? खालच्या मजल्यावरचे हेर ओट्टमार बिट्सर, आयकर खात्यातून निवृत्त, म्हणाले की जिच्याकडे पाटी ती गेली, म्हणजे पाटी ज्याने दिली त्याच्याकडे परत. श्वेंक म्हणाला, वा रे वा. मी माझं झाडलं, माझी पाटी मी दिली, माझा संबंध संपला. ती बाई घर सोडो नाहीतर स्वर्गात जावो, पाटी मागे येत नाही. तीन आठवडे भांडण चाललं. तीन आठवडे जिन्यावर कुत्र्याचे केस, बटाट्याची सालं आणि एक मेलेली गांधीलमाशी. शेवटी श्वेंकने टाइप करून चौदा कलमांची नियमावली काढली, घरमालकाची सही आणली आणि काचेत घालून जिन्यात टांगली. कलम आठ: ‘एकदा पुढे दिलेली पाटी देणाऱ्याकडे परत येत नाही, घेणाऱ्याने घर सोडले तरीही.’ पाटी बिट्सरच्या दारावर गेली. बिट्सरने झाडलं, पण कोपरे सोडून. मुद्दाम. त्या सोडलेल्या कोपऱ्यांकडे बघत बघत श्वेंकच्या डोक्यात झाडू आला.

एवढं होऊनही दोघांचं बोलणं बंद नव्हतं. उलट सल्ला लागला की श्वेंक बिट्सरकडेच जायचा. बावीस वर्षांचा शेजार, अजून ‘हेर श्वेंक’ आणि ‘हेर बिट्सर’ आणि ‘तुम्ही’. पण एकतीस वर्षं कर गोळा केलेला माणूस सल्ला फुकट देतो म्हटल्यावर कोण सोडतो?

ब्याण्णव साली श्वेंकने म्युनिकला जर्मन पेटंटचा अर्ज टाकला. वकील केला नाही. वकिलाला पैसे द्यायचे आणि झाडू काय असतो तेही आपणच समजावायचं, हे त्याच्या तत्त्वात बसेना. त्याने स्वतः लिहिलं, आकृत्या स्वतः काढल्या. आकृत्या इतक्या देखण्या की झाडू त्यांच्यापुढे फिका. त्याच हिवाळ्यात बिट्सर जिन्यात म्हणाला, जर्मनीत झालं, बाकीच्यांचं काय? ऑस्ट्रियात लोक दोरीने चढतात का? आणि स्वित्झर्लंड? तो तर देशच जिना आहे. एक अर्ज टाकला की सगळ्या युरोपात चालतं, पण पहिल्या अर्जापासून वर्षाच्या आत टाकावा लागतो.

श्वेंकने युरोपचा फॉर्म आणला. दोघं स्वयंपाकघरात बसले. मसूर आणि श्पेट्स्ले शेवयांच्या ताटल्या बाजूला सारल्या. फॉर्मवर देशांची यादी, प्रत्येक देशापुढे एक चौकट, पाहिजे त्या देशावर खूण करायची. ऑस्ट्रिया, खूण. स्वित्झर्लंड, खूण. फ्रान्स, थोडा विचार करून खूण. मग आला जर्मनी आणि श्वेंकचं पेन थांबलं. जर्मनीचा अर्ज तर वेगळा टाकलाच आहे. परत कशाला? शिवाय प्रत्येक खुणेला वेगळी फी. जे आपलंच आहे त्याचे परत पैसे भरायचे म्हटल्यावर आमच्याकडे माणूस पेनाला टोपण लावतो, आणि त्याने लावलं.

“हेर श्वेंक,” बिट्सर म्हणाला, “रिकामी चौकट कधी सोडायची नाही. रिकामी चौकट म्हणजे हा माणूस काहीतरी लपवतोय. एकतीस वर्षं मी रिकाम्या चौकटी बघून माणसं बोलावून घेतलीत.”

आणि वर हेही म्हणाला की एका दाराला दोन कुलपं असली म्हणून कुणाचं काही बिघडलेलं नाही. ताटल्या उचलायला आलेली श्वेंकची बायको रोझविटा म्हणाली, एका दाराला दोन कुलपं लावणारा एक किल्ली हरवतोच. पण ती ताटल्या घेऊन गेली आणि तिचं बोलणंही ताटल्यांबरोबर गेलं.

श्वेंकने जर्मनीच्या चौकटीत खूण केली. इतकी नीट, इतकी सरळ, की नकाशात लावावी.

चौऱ्याण्णवला जर्मन पेटंट मिळालं. त्याने ते चौकटीत घालून जिन्यातच टांगलं, नियमावलीच्या शेजारी. शहाण्णवच्या शरदात युरोपचंही मिळालं. पण त्याच्याबरोबर एक पत्र: नऊ महिन्यांत कुणीही विरोध नोंदवू शकतो. श्वेंक म्हणाला, झाडूला कोण विरोध करणार?

राऊ करणार होता. राऊ गुत्त्यात सगळ्यांना सांगत सुटला की बिजागरीचा झाडू माझ्या आजोबाने लढाईच्या आधी केला होता, मी त्या श्वेंकच्या कागदाची चिंधी करतो. श्वेंकची झोप उडाली. आठ महिने त्याने कसेबसे काढले, नवव्यात त्याचा धीर सुटला. बिट्सरला विचारलं तर तो म्हणाला, माणसाचा विरोध पोटातून निघतो, तिथूनच मिटवा. रोझविटाने कांद्याचा केक भाजला, मलई आणि डुकराचे तुकडे घालून, आणि श्वेंक तो गरम केक टॉवेलात गुंडाळून राऊच्या घरी गेला. दोन तास बसला. राऊच्या आजोबाच्या फोटोकडे बघून दोनदा डोळे पुसले. तिसऱ्या तुकड्यानंतर राऊ म्हणाला, जाऊ द्या हेर श्वेंक, विरोधालाही फी भरावी लागते. मुदत टळली. त्या दिवशी श्वेंकने बाटली उघडली आणि बिट्सरला अर्धा ग्लास दिला, जे त्याने बावीस वर्षांत दोनदाच केलंय.

मग अठ्ठ्याण्णव. पेटंट जिवंत ठेवायला दर वर्षी फी भरावी लागते. जर्मन पेटंटची वेगळी, युरोपच्या पेटंटची प्रत्येक देशात वेगळी, आणि त्यातही परत जर्मनी. एकच झाडू, एकच जिना आणि जर्मनीची फी दोनदा. श्वेंक त्या बिलांकडे असा बघायचा जसं कुणी आपल्याच ताटातलं अन्न दोनदा विकत घेतंय. बिट्सर म्हणाला, आता भांडण मिटलं, एक कुलूप काढा. ऑस्ट्रियात किती झाडू विकलेत? एकही नाही. फ्रान्समध्ये? फ्रान्सचं तर बोलूच नका. मग युरोपचं सोडून द्या, घरचं जर्मन आहे ना भिंतीवर.

नुसती फी भरली नाही तरी पेटंट आपोआप संपतं. पण श्वेंक सभ्य. त्याने पत्र लिहिलं, आभार मानले आणि मगच सोडलं.

त्यानंतर दहा महिन्यांनी हा बाजार, हा राऊ आणि हे दोनशे कोरे दांडे.

बसमधून उतरून तो घरी गेला, युरोपचे कागद घेतले आणि पुढच्या बसने थेट रॉयटलिंगनला, फ्राऊ डॉक्टर नाइडलिंगरकडे. पेटंटची वकील, मोजणी कचेरीतल्या कुणाची तरी आतेबहीण. वकील करायचा नाही या तत्त्वाला त्या दिवशी दुपारी तीन वाजता तडा गेला. श्वेंक काखेत चौकट घेऊन गेला होता, भिंतीवरून काढलेली, मागे कोळ्याचं जाळं तसंच. बाई सफरचंद खात होत्या. त्यांनी चौकट बघितली, मग युरोपचे कागद चाळले आणि एका पानावर थांबल्या.

“जर्मनीवर खूण तुम्ही केलीत?”

श्वेंक म्हणाला, हो. बाईंनी सफरचंद खाली ठेवलं. वकिलाने खाता खाता फळ खाली ठेवलं की समजावं, आता वाईट ऐकायचंय.

त्या म्हणाल्या, आपल्याकडे एका शोधाला जर्मनीत दोन पेटंटांची छत्री चालत नाही. एकाच माणसाला, एकाच शोधाला, एकाच तारखेवरून जर्मन पेटंट आणि जर्मनीवर खूण केलेलं युरोपचं पेटंट अशी दोन्ही मिळाली, तर विरोधाची मुदत विरोधाविना टळली की जर्मन पेटंटचा जोर जातो. युरोपचं उभं राहतं, जर्मन झोपतं. म्हणजे भिंतीवरचा हा कागद सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात संपला.

श्वेंक हबकलाच. दोन वर्षं तो रोज सकाळी कचेरीत जाताना त्या कागदाला मान लववत होता. प्रेताला नमस्कार. पण मोजणी कचेरीतला माणूस हबकला तरी मोजायचं सोडत नाही. तो म्हणाला, असं कसं? मी फी भरलीय. सत्त्याण्णवची, अठ्ठ्याण्णवची, या वर्षीचीही. पावत्या आहेत. म्युनिकने एकदाही म्हटलं नाही की नका भरू.

“ते वही सांभाळतात,” बाई म्हणाल्या. “कोण जिवंत, कोण मेलं हे बघायचं काम त्यांचं नाही. ते भांडण झालं तर कोर्ट बघतं. तुम्ही भरलीत, त्यांनी घेतली.”

श्वेंक खुर्चीवर मागे टेकला. ज्या दोन कार्यालयांत त्याचे दोन अर्ज होते ती म्युनिकमध्ये जवळजवळ आहेत, चालत पाच मिनिटं. मावसभावाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला गेला होता तेव्हा टपालखर्च वाचवायला त्याने दुसरा अर्ज स्वतः नेऊन दिला होता. पहिल्या दारावरून पुढे जाताना टोपीही काढली होती. तेव्हा कुणी खिडकीतून एक शब्द बोललं असतं. पण खिडकीतून कोण बोलतं.

मग त्याला एकदम उजेड पडला. तो पुढे झुकला आणि म्हणाला, ठीक आहे, युरोपचं उभं होतं म्हणून जर्मन झोपलं. पण युरोपचं तर मी सोडलं. ते गेलं. आता दुसरं कुणी नाही. मग जर्मन परत उठणार ना?

बाईंनी मान हलवली. नाही. युरोपचं नंतर संपलं तरी जर्मन परत येत नाही. कायद्यात सरळ लिहिलंय.

“हा कुठला न्याय?” श्वेंक म्हणाला, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. “ज्याच्यासाठी मी बाजूला झालो तोच निघून गेला, तर माझी जागा मला परत नको?”

बाईंनी चौकट त्याच्याकडे परत सरकवली. मग म्हणाल्या, “तुमच्या घरात जिना झाडायची पाटी आहे का हो? तुम्ही पाटी पुढच्याला दिली आणि तो घर सोडून गेला, तर काय करता?”

श्वेंकने उत्तर द्यायला तोंड उघडलं. कलम आठ त्याच्या जिभेवर होतं, शब्दन् शब्द, स्वतः टाइप केलेलं, घरमालकाच्या सहीचं, तीन आठवडे भांडून जिंकलेलं. त्याने तोंड मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. त्याच्या त्या झाडूसारखं.

आणि अजून एक बाकी होतं. उठता उठता त्याला केक आठवला. त्याने विचारलं, समजा, सहज विचारतो, त्या वेळी कुणी विरोध नोंदवला असता तर?

तर, बाई म्हणाल्या, ते भांडण मिटेपर्यंत जर्मन पेटंटला धक्का नव्हता. आणि विरोध करणारा जिंकून युरोपचं रद्द झालं असतं, तर या कारणाने तरी जर्मन मेलंच नसतं. “विरोध करणारा सापडला असता तर तुम्ही त्याला जेवायलाच बोलवायला पाहिजे होतं,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना काय माहीत.

श्वेंक पायऱ्या उतरून खाली आला. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत धूळ होती. एरवी त्याने ती मोजली असती. त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: टॉवेलात गुंडाळलेला गरम केक, आणि तो हातात घेऊन आपणच आपल्या पेटंटच्या मयताला चाललोय. आजोबाच्या फोटोपुढे रडलो तेसुद्धा बरोबर ठिकाणीच रडलो, फक्त माणूस चुकला. आणि राऊला हे सगळं आज माहीत होतं. म्हणून केक झकास.

शनिवारी पाटी श्वेंकच्या दारावर होती. आठवडा त्याचाच. वरचा मजला परत रिकामा, म्हणजे त्याच्यानंतर थेट बिट्सर. श्वेंक सकाळभर पलंगावर पडून होता, कपडे घातलेले, बूट घातलेले, डोळे छताला. रोझविटा बाजारात गेली. अकराच्या सुमाराला ती परत आली तेव्हा तो उठून जिन्यात आला आणि तिच्या हातात काय आहे ते बघून थबकला.

तिच्या हातात राऊचा झाडू होता.

“तू?” श्वेंक म्हणाला.

“मीच,” रोझविटा म्हणाली. “अकरा केलेस. एक कचेरीच्या साहेबाला, एक पाद्र्याला, एक तुझ्या बहिणीला, एक त्या म्युनिकच्या मावसभावाला. घरात एक ठेवलास? शोध लागल्यापासून मी या जिन्याचे कोपरे जुन्या चाकूने खरवडतेय, गॉटहोल्ड. आज पहिल्यांदा मला झाडू मिळाला.”

हे खरं होतं. श्वेंकला हे आजवर एकदाही सुचलं नव्हतं, आणि पेटंट मेलं त्यापेक्षा याने तो जास्त गार झाला. जगातल्या जिन्यांचा विचार करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या जिन्यावर चाकू. त्याने तिच्या हातातून झाडू घेतला, वर गेला आणि पहिल्या पायरीच्या कोपऱ्यात दाबला. तोंड मिटलं. कोपरा साफ. दुसरी पायरी, साफ. स्प्रिंग त्याच्यापेक्षा चांगली होती, हेही त्याला मान्य करावं लागलं, दात खाऊन. रोझविटा खालून सांगत होती की टपरीवर ही झुंबड, दीडशेच उरलेत, लोक विचारतात याला म्हणायचं काय, आणि राऊ सांगतो, म्हणा काहीही, झाडू म्हणा.

झाडू म्हणा. श्वेंक पाचव्या पायरीवर थांबला. त्याने झाडू उलटा केला आणि कोऱ्या दांड्याकडे बघत राहिला.

आवाज ऐकून खालचं दार उघडलं आणि बिट्सर बाहेर आला, चपला, वर्तमानपत्र, सगळं. काल काय झालं ते त्याने रोझविटाकडून ऐकलं होतं, आणि ऐकून त्याला वाईट वाटलं होतं ते कसं, तर त्याच्याकडे आता नवा सल्ला होता. फॉर्मवर जर्मनीची चौकट दिसायला जरा लहान होती असं म्हणून म्युनिकला तक्रार करावी, असं तो सांगायला लागला. तो आपला सांगत होता आणि श्वेंक त्याच्या अंगावरून खाली तळघरात गेला. तिथे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वर आला तेव्हा त्याच्या एका हातात नाव डागायची सळई होती आणि दुसऱ्या हातात ती तापवायचा गॅसचा छोटा दिवा.

“हे काय?” बिट्सर म्हणाला.

“रिकामी चौकट सोडायची नाही,” श्वेंक म्हणाला. “तुम्हीच सांगितलंत ना, हेर बिट्सर? तिकडे दीडशे दांडे रिकामे आहेत. मला परत घ्यायला ते माझे नाहीत, आणि मला अडवायला राऊला तोंड नाही. तो म्हणालाय, या सळई घेऊन. साक्षीला टायपिस्ट आहे.”

रोझविटाने त्याच्याकडे बघितलं, आत गेली आणि त्याची टोपी घेऊन आली.

बिट्सर म्हणाला की राऊने ते चेष्टेत म्हटलं असणार. श्वेंक म्हणाला, असू दे, मी खूण न समजता केली, तीपण लागू झालीच. बिट्सर म्हणाला, दीडशे दांडे, एकेकाला दोन मिनिटं धरली तर पाच तास होतात. श्वेंक म्हणाला, म्हणूनच. मग बिट्सरने जिन्याकडे बोट केलं. वरच्या पाच पायऱ्या लख्ख, खालच्या सगळ्या तशाच, आणि बाराला जिना झालेला असायला हवा, नियमावलीप्रमाणे.

श्वेंकने सळई काखेत धरली, वर जाऊन आपल्या दारावरची पाटी काढली, खाली उतरून बिट्सरच्या दारावर लावली आणि सरळ आहे ना ते एक डोळा मिटून बघितलं.

“अहो, पण तुमचं झाडून कुठे झालंय?” बिट्सर म्हणाला. “ही परत घ्या.”

“कलम आठ,” श्वेंक म्हणाला, आणि कठड्याला टेकवलेला राऊचा झाडू त्याच्या हातात दिला. “कोपरे सोडू नका. बाजार सहाला उठतो, मला आता निघायला हवं.”